संडासाबाहेरची सोबत

संडासाचे किस्से साठत जातात, कारण ते घरात सांगता येत नाहीत. मुलासमोर लाज वाटते. सुनेसमोर तर विषयच काढायचा नाही. मग माणूस ते पोटात ठेवतो आणि आपल्या वयाचा कोणी भेटला की बाहेर काढतो. आम्ही चौघं होतो तोवर माझ्या पोटात एकही किस्सा शिल्लक राहत नव्हता. आता बरेच साठलेत.

चौघं म्हणजे आंध्रचे रावगारू, बंगालचे घोषदा, इथलेच छत्तीसगढचे साहूजी आणि भंडाऱ्याकडचा मी. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये आम्ही एकाच शॉपमध्ये, म्हणजे एकाच विभागात होतो. रिटायर झाल्यावर भिलाईतच, रुआबांध्यात, एकमेकांजवळ घरं बांधली. सकाळी फिरून आलो की टपरीसमोरच्या बाकावर चहा. मी आधीपासून बोलायला हळू. साहूजी म्हणायचे, "भाऊ के बात अउ मालगाड़ी, दूनो के आखरी डब्बा देखे बर धीरज चाही!"

पण या विषयावर मलाही सगळे शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे.

*

बाकावर सगळ्यात जास्त चालायचा तो माझ्या बापाचा किस्सा.

मला नवीन क्वार्टर मिळालं तेव्हा बाप गावाहून बघायला आला. खोल्या बघितल्या, नळ सोडून बघितला, खूश झाला. मग सैपाकखोलीच्या मागचं दार उघडलं आणि तिथंच थांबला.

"हे काय आहे?"

"संडास आहे, बाबा."

"सैपाकखोलीच्या भितीले लागून? अन् तुमी इथंच जेवता?"

बापानं त्या दारात पाऊल टाकलं नाही. पहाटे गडव्यात पाणी घेतलं आणि निघाला. गाव असतं तर नाला सापडला असता. इथं चालून चालून सापडली प्लांटची कंपाउंड वॉल! बाप तिच्या आडोशाला बसणार, तेवढ्यात गार्ड धावत आला.

"बाबा, ये प्लांट का एरिया है! यहां नहीं!"

बाप शांतपणे म्हणाला, "मंग? मी काय तुमचं लोखंड नेऊन राहिलो का? उलट देऊन चाललो!"

घोषदांच्या नाकातून चहा आला होता हे ऐकून.

*

घोषदांचं स्वतःचं काही कमी नव्हतं. संडासात जायचे कपडे वेगळे, हा त्यांच्या घरचा नियम. घोषदा अंगावरचे सगळे कपडे काढून ठेवायचे, लाल गमछा गुंडाळायचे आणि मगच जायचे. घरी ठीक आहे. पण ते कोलकात्याला जाताना रेल्वेतही हेच करायचे!

एकदा मुलानं एसीचं तिकीट काढून दिलं. सकाळी घोषदांनी शर्ट-पँट बर्थवर घडी करून ठेवली, गमछा गुंडाळला आणि गेले. परत येताना दारात टीसी उभा. उघडा म्हातारा, कमरेला ओला गमछा, हातात मग.

"ए दादा, जनरल डिब्बा पीछे है!"

"हमारा बार्थ है अंदर!"

"टिकट दिखाओ."

घोषदा ओरडले, "टिकट शार्ट में है, शार्ट बार्थ पे है, और बार्थ तक आप जाने नहीं देता! हम करेगा क्या?"

शेवटी टीसीनं एका प्रवाशाला साक्षीला बोलावलं. प्रवासी घोषदांकडे बघून म्हणाला, "मेरे सामने वाले तो सूट-बूट वाले थे."

*

साहूजींच्या गावात घरोघरी संडास बांधले गेले तेव्हा पहाटे बायकांची टोळी शिट्ट्या घेऊन फिरायची. शेतात कोणी लोटा घेऊन बसलेला दिसला की सगळ्या मिळून शिट्टी वाजवायच्या. माणूस लाजून उठून पळायचा.

साहूजींच्या मोठ्या काकांच्या घरी सरकारी संडास झाला होता. काकांनी त्यात गोवऱ्या भरल्या. "अतका बने खोली, अउ ओमा ये काम?" आणि आपण गेले नेहमीसारखे शेतात.

शिट्ट्या वाजल्या. काका उठेनात. आणखी जोरात वाजल्या. तरी उठेनात. पोरी जवळ आल्या आणि कानाशी फुंकायला लागल्या.

काका म्हणाले, "सीटी पाछू बजाबे नोनी, पहिली मोला उठा!"

गुडघे धरले होते बिचाऱ्यांचे. दोघींनी दोन्हीकडून धरून उभं केलं, घरापर्यंत सोडलं आणि गोवऱ्या बाहेर काढून दिल्या.

हे ऐकून आम्ही हसलो खरं, पण बाकावरून उठताना चौघांनीही गुडघ्यावर हात टेकले.

*

बाकावरून पहिले गेले रावगारू. मुलानं अमेरिकेला नेलं. महिन्याभरानं त्यांचा फोन आला. आम्हाला वाटलं, तिकडचे रस्ते सांगतील, मोटारी सांगतील. रावगारू हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, इधर पानी नहीं है. खाली कागज है!"

"मग करता काय?"

सून गोरी. तिला सांगायचं कसं? रावगारूंना बाल्कनीत झाडांना पाणी घालायची झारी दिसली. लांब चोच, हातात धरायला सोयीची. ती त्यांनी बाथरूममध्ये नेली. सुनेनं जागेवर ठेवली. त्यांनी परत नेली. असं काही दिवस चाललं.

मग एक दिवस रावगारू आत गेले तर कोपऱ्यात एक छोटी कुंडी! सुनेला वाटलं, सासऱ्याला झाडांचा नाद आहे आणि त्याला झाड आपल्या जवळ हवंय. त्यानंतर वाढदिवसाला कुंडी, नाताळला कुंडी, कुठं गावाला गेली तरी येताना कुंडी.

वर्षभरानं फोनवर म्हणाले, "बैठने का जागा नहीं बचा, भाऊ! जंगल हो गया!"

"मग खरं सांगून टाका."

"कैसे बोलूं? इतने प्यार से लाती है."

मग तेच म्हणाले, "अभी आदत हो गया. पानी डालते डालते मैं उनसे तेलुगु में बात करता हूं. इस घर में तेलुगु वही सुनते हैं."

घोषदांना हा किस्सा सांगितला तेव्हा ते हसले नाहीत. पुढच्या थंडीत घोषदा वारले. मुलं आली, सगळं आवरून घराला कुलूप लावून गेली. अंगणातल्या दोरीवरचा लाल गमछा तेवढा राहिला. उन्हात पार पांढरा होईपर्यंत तिथंच होता.

*

मग माझी पाळी आली. माझी बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्यात. म्हणाला, "बाबा, महिनाभर येऊन तर बघा."

गेलो. पहिल्या सकाळी आत बसलो आणि थोड्या वेळानं लाईट गेली. अंधारात कसंबसं उरकलं. उठलो तर लाईट आली. दुसऱ्या दिवशी तेच. मी सूनबाईला विचारलं, "इकडं रोज सकाळी लाईट जाते का?"

मुलगा हसायला लागला. म्हणाला, "बाबा, तो दिवा आपोआप चालतो. माणूस हलला की लागतो. हललं नाही तर त्याला वाटतं आत कोणी नाही. मधेमधे हात हलवत जा."

मी सगळीच कामं सावकाश करणारा माणूस. रोज सकाळी आत बसून दोन्ही हात हवेत हलवायचो, जसा लांबून येणाऱ्या गाडीला थांबवतोय!

मुलगा-सून चांगलीच आहेत. पण सकाळी दोघं कामावर जायची ती अंधार पडल्यावर यायची, आणि आली की आपापल्या फोनमध्ये. एका संध्याकाळी मी सोफ्यावर बसलो होतो. सूनबाई समोरून गेली. मी हात हलवला.

"काय झालं, बाबा? काही हवंय का?"

"काही नाही," मी म्हणालो. "सवय लागली."

महिना झाल्यावर मी भिलाईला परत आलो.

*

बाकावर आता साहूजी आणि मी. तेही एकटे, समोरच्याच घरात. मुलगी रायपूरला दिलेली.

मी पाय घसरून संडासात पडलो तो याच दिवसांत. नळ धरायला गेलो तर नळच हातात आला! गुडघा सुजला, बाकी काही नाही. पण मुलाला कळलं. त्यानं फोनवरूनच मिस्त्री लावून कमोड बसवला आणि निकाल दिला. "कडी लावायची नाही. तुम्ही आत असाल तेव्हा घरात कोणीतरी पाहिजे. नाहीतर पुण्याला चला, बाबा. मला इथं झोप लागत नाही."

"मले काय होते?" मी म्हणालो. पण त्याचंही खोटं नव्हतं.

साहूजी शेजारीच उभे होते. म्हणाले, "मैं हंव न."

दुसऱ्या सकाळी ते घरून स्टूल घेऊन आले आणि अंगणात संडासाच्या दाराबाहेर बसले. मी आत गेलो. नुसतं काय बसायचं म्हणून साहूजींनी गोष्ट सुरू केली. "एक ठन राजा रहिस..."

त्यांच्याकडे गोष्टीचा एक नियम आहे. सांगणाऱ्यानं एक वाक्य बोललं की ऐकणाऱ्यानं "हूं" म्हणायचं. त्याला हुंकारू म्हणतात. हुंकारू आला नाही तर गोष्ट पुढं जात नाही.

आणि आमच्याकडे दुसरा नियम. माय सांगायची, "आत गेलं का तोंड बंद ठेवाचं. कोनी हाक मारली त खाकराचं." जन्मभर मी संडासात एक शब्द बोललो नव्हतो.

"एक ठन राजा रहिस... भाऊ? सुनत हस?"

मी खाकरलो, पण नेमकं तेव्हाच फ्लशचं पाणी सुटलं. बाहेर काही ऐकू गेलं नाही.

"भाऊ! ए भाऊ!"

धाडकन दार उघडलं. मी घाईनं लुंगी सावरली. साहूजी ओरडले, "जियत हस त बोलत काबर नइ हस?"

मी अजून आतच होतो! बोलणार कसा? तोंडावर बोट ठेवून मान हलवली.

ते बघून साहूजी घाबरले. ते गल्लीत धावले. "लकवा मार दिस! भाऊ के जुबान चले गे!" शेजारचे जमले. कोणी ॲम्ब्युलन्सला फोन करतंय, कोणी कांदा हुंगवायला आणतंय. मी हातपाय धुतले, उंबरा ओलांडून बाहेर आलो आणि म्हणालो, "अंदर नहीं बोलते, साहूजी."

आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. पण रोज सकाळी स्टुलावर येऊन बसत होते, तोंड फिरवून.

*

मग समझोता झाला. खाकरणं हाच हुंकारू. साहूजींचं एक वाक्य, माझं एक खाकरणं. राजाची गोष्ट लांबत गेली. राजाला सात राण्या झाल्या, राण्यांची भांडणं झाली, एक राणी माहेरी गेली. माझं काम उरकलेलं असायचं, तरी राणीसाठी बसून राहायचो.

मुलगा दर रविवारी विचारायचा, "साहूकाका येतात ना रोज?"

"येतात."

"मग ठीक आहे. ते येतात तोवर राहा तिथं."

यंदा साहूजींची शुगर वाढली. डोळ्यांना नीट दिसेना. मुलगी गाडी घेऊन आली आणि त्यांना रायपूरला घेऊन गेली. गाडीत बसताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मीही गाडीच्या चाकाकडे बघत होतो. स्टूल अंगणातच राहिलं.

दुसऱ्या सकाळी मी आत गेलो. लगेच बाहेर आलो. फोन वाजत होता.

"अतका जल्दी निपट गेस?" साहूजी रागावले. "मैं तो अभी फोन लगावत रहेंव! काली ले फोन ल स्टूल म रख, स्पीकर चालू कर, अउ तब जा!"

तेव्हापासून फोन स्टुलावर आणि मी आत. राणी माहेरून परत आलेली नाही. रविवारी मुलानं विचारलं, "साहूकाका येतात ना?"

"रोज," मी म्हणालो.

परवा गोष्ट चांगली रंगात आली होती. राणीच्या भावानं राजाला जेवायला बसवलं, मी खाकरलो. ताटात राजाच्या आवडीची भाजी वाढली, मी खाकरलो. तेवढ्यात फोनमधून साहूजींच्या नातीचा आवाज आला.

"नाना, रोज किससे बात करते हो? उधर से तो खाली खांसी आती है!"

साहूजी म्हणाले, "बात नइ करत हंव, नोनी. पहरा देवत हंव."