एकच पंगत

वर्ल्ड कपसाठी अख्खं दोहा खणून ठेवलं होतं, तेव्हाची गोष्ट. अल मन्सूरात मेट्रोचं काम चाललेलं, साध्या भाजीला जायचं तरी वळसे घालून नाकी नऊ यायचे. त्यात आमच्या मराठी मंडळाची निवडणूक! अध्यक्षपदाला आपल्याकडून कोण उभं राहणार, हे आम्ही अल हिलाल भागात राहणारे आधी आपसात मत देऊन ठरवायचो.

त्या वेळी एकीकडे आमच्या ह्यांचे रास लफानच्या गॅस प्रकल्पातले साहेब आणि दुसरीकडे कोल्हापूरचे भाऊ. भाऊ स्टेडियमच्या कामावर वेल्डिंगचे फोरमन. बायको आणि मुली गावी, म्हणून इथल्या भाषेत ते 'बॅचलर'! मंडळाच्या गणपतीत फॅमिलीवाल्यांची पंगत बसायची आणि बॅचलर लोकांच्या हातात दारातच जेवणाची पाकिटं ठेवली जायची. त्यांना मतही नव्हतं. उभं राहायला मात्र मनाई नव्हती, कारण कुणी राहील असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सभेत भाऊंनी माइक बाजूला सारला. "पाकिटाला आग्रह कोण करतंय वो? पंगत एकच पायजे!" मागे उभ्या असलेल्या बॅचलर मंडळींनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला.

"नुसता टाळ्या घेणारा माणूस," हे पुटपुटले.

"घेईना का! टाळ्या काय फुकट पडतात?" मी म्हटलं. खरं सांगते, मला तो माणूस भलताच आवडला होता. एवढा बोलला, पण साहेबांबद्दल एक वावगा शब्द नाही.

तरी मनातल्या मनात माझं गणित चालूच होतं. टाळ्या वाजवणाऱ्यांना मत नाही. मत घरटी एक, तेही हात वर करून, आणि तो हात नेहमी घरातल्या पुरुषाचा. त्यातले निम्मे साहेबांच्या हाताखाली. भाऊ पडणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

साहेबांसाठी भराभर हात वर गेले. ह्यांचा मांडीवरच राहिला. मग भाऊंचं नाव पुकारलं आणि मी हात वर केला. साहेबांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे घसा खाकरून म्हणाले, "आमच्या घरचं मत तेच."

अस्सा अभिमान वाटला म्हणून सांगू! मागून आणखी काही बायकांचे हात वर आले, पण पुरले नाहीत. भाऊ हसत म्हणाले, "खलास, वहिनी!" आणि साहेबांना पहिला हार त्यांनीच घातला.

साहेब पुढे अध्यक्ष झाले. गणपतीच्या दिवशी रिकामी पाकिटं टेबलावर तशीच पडून होती. ती भरायला एकही बाई हात लावीना.

"अहो, बाहेर माणसं थांबलीत," साहेब म्हणाले.

"मग बोलवा की आत!" मी म्हटलं.

साहेब क्षणभर घुटमळले, मग स्वतः जाऊन त्यांनी दार उघडलं. त्यांचंही कौतुकच.

भाऊ पंगतीत मान खाली घालून बसले होते. मी मोदक वाढायला गेले, तर ताटावर हात आडवा धरून "बास, बास" म्हणाले. मी पुढे सरकले. तेवढ्यात तो माइक न लागणारा माणूस अगदी हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, लगेच पुढं जाऊ नका की. जरा आग्रह करा."