चाचांचे चिरे

आमच्या घरासमोर दोन अंगणं आहेत, एक चाचांचं, एक अंकलचं. मधे दगड रचून केलेला बुटका गडगा, आणि गडग्यात एक माणूस जाईल एवढी वाट. विहीर चाचांच्या बाजूला. आंटी रोज त्या वाटेनं येऊन पाणी भरते. तिच्याकडे नळ आहे, पण नळाला पाणी नाही.

मला दोघा म्हाताऱ्यांच्या नकला येतात. चाचा बोलायच्या आधी खाकरतात, अंकल बोलून झाल्यावर. गेल्या उन्हाळ्यात दोघं एकदमच खाकरत होते. अंकलच्या फणसाची पानं विहिरीत पडायची. चाचा म्हणाले, फांदी तोड. अंकल म्हणाले, झाड माझ्या बापानं लावलंय. इथपर्यंत मजाच होती. मग चाचा म्हणाले, "तुम्ही लोक असलेच!" अंकलनी तेच शब्द परत भिरकावले. तेवढी नक्कल मी कधीच केली नाही.

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून चाचांनी मागवलेले जांभ्या दगडाचे चिरे आले. वाट बुजवायची. गवंडी मात्र लगेच मोकळा नव्हता.

त्या दुपारी चाचा झोपल्यावर चाचीनं हाक मारली, "आंटी, ये गो जरा. चुलीला चिरा हवाय, एकटीला उचलत नाय." दोघींनी उचलला. मग आंटीला धुण्यासाठी एक. मग कोंबड्यांच्या खुराड्याला. एक तर माझ्या आईनं मला धरायला लावून आमच्याकडे आणला. कशाला, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

मी विचारलं, "चाची, चाचा ओरडले तर?"

"ओरडूदे. तू हायस ना, मागनं करून दाखवायला."

संध्याकाळी चाचा खाकरले. "माझे चिरे कुठं गेले?"

"चालत गेले असतील," चाची भाकरी थापत म्हणाली. "वाट उघडीच हाय अजून."

गवंडी आला, उरलेले चिरे बघून हसला. "चाचा, ह्यात भिंत नाय व्हायची. फार तर पायरी."

"मग पायरी कर," चाची म्हणाली. "पाणी नेताना तिचा पाय सरकतो." चाचा आत निघून गेले.

पुढच्या आठवड्यात त्या पायरीवरून अंकल आले, खांद्यावर मासेमारीचं जुनं जाळं. विहिरीवर टाकायला, पानं आत पडू नयेत म्हणून. आंटीनं पाठवलं होतं, हे त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. एकटे ओढत राहिले, जाळं सारखं आत घसरत होतं. चाचा ओट्यावरून बघत बसले. मग उठले, खाकरले, दुसरं टोक धरलं.

"ओढ जरा."

"ओढतोय."

मग अंकल खाकरले.