निजलेली जमीन

मी तशी फटकळ. त्यात हातात यंत्र आलेलं, मग काय विचारता. तेव्हा मी कर्जतच्या एका संस्थेत कामाला होते. डोंगरातल्या वाड्यांवरची ठाकर कुटुंबं आजा-पणजापासून जंगलातली जमीन कसत आलेली, पण नावावर कागदाचा कपटा नाही. कायद्याने आता त्यांना वनहक्काचा दावा करता येत होता, आणि दाव्याला जमिनीचा नकाशा जोडावा लागत होता. तो नकाशा काढायचं जीपीएसचं यंत्र माझ्या ताब्यात होतं. काळं-पिवळं, जुन्या जाड मोबाइलएवढं, आत दोन पेन्सिल सेल. माझे वडील चौकला हायवेवर गॅरेज चालवायचे, त्यामुळे यंत्राची भीती मला कधीच नव्हती. उलट माणसांपेक्षा यंत्राशीच माझं बरं जमायचं.

मोजायची पद्धत सोपी होती. मोकळ्यावर उभं राहायचं आणि यंत्राला सॅटेलाइट सापडेपर्यंत गप थांबायचं. दाट झाडाखाली ते आपल्याला भलतीकडेच दाखवतं. पडद्यावर दिसणारा चुकीचा फरक तीन-चार मीटरवर आला की निघायचं. जमीन ज्याची तो पुढे, मी त्याच्या मागे, यंत्र छातीशी धरून. तो हद्दीहद्दीने चालेल तशी पडद्यावर रेघ उमटत जाते. जिथून निघालो तिथे परत आलो की बटण दाबायचं, क्षेत्र येतं. जिथे त्याचा पाय पडला ती त्याची हद्द. त्याला इकडून चला, तिकडून चला असं आपण सांगायचं नाही, असा संस्थेचा नियम होता, आणि तो मला फार सोयीचा वाटायचा. माणसाशी जास्त बोलावं लागायचं नाही.

त्या दिवशी खालापूरच्या बाजूला, घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीवर पाच जमिनी मोजायच्या होत्या. नाचणी कापून झाली होती. वर ठाकुरवाडीच्या अंगाला गाड्या घाट चढत होत्या, त्यांची घरघर खालपर्यंत ऐकू येत होती. चार जमिनी झाल्या. पाचवी एका म्हाताऱ्याची. सत्तरी ओलांडलेला, काटक, कमरेला कोयता. घरात तो आणि त्याची सून. मुलगा मोहोपाड्याला एका कंपनीत माल चढवायच्या कामावर, सुट्टीलाच घरी यायचा. माझ्या यंत्राच्या बॅटरीची एकच रेघ उरली होती, जादा सेल दुपारीच संपले होते, आणि मला खाली उतरून शेवटची टमटम गाठायची होती.

"बाबा, जमीन कसता ती चालून दाखवा. जरा भराभर," मी म्हटलं.

"चल बाय," म्हणाला आणि निघाला.

नाचणीच्या धसकटांच्या कडेकडेने तो अनवाणी चालला. वरच्या अंगाला करवंदीची जाळी, गुडघाभर गवत, मधेमधे ऐनाची तरणी झाडं होती. त्या जाळीशी तो थांबला, तिच्याकडे एकदा बघितलं, आणि तिच्यात पाऊल न टाकता कडेने वळला. मी मागोमाग वळले. फेरी पुरी झाली. चौदा गुंठे.

"एवढीच?" मी विचारलं.

"यंदा एवढीच हाय."

हे मी ऐकलं. नीट ऐकलं. ऐकलं नव्हतं असं मी नंतर पुष्कळांना सांगितलं, स्वतःलाही सांगून बघितलं, पण खरं ते खरं. 'यंदा' म्हणजे काय हो बाबा, एवढं विचारायला किती वेळ लागला असता? मी बटण दाबलं, आकडा फॉर्मवर लिहिला, त्याचा अंगठा घेतला आणि टमटम गाठली.

डोंगरउतारावरची शेती कशी असते ते मला माहीत नव्हतं, अशातला भाग नाही. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, तिसऱ्या वर्षी खुरासणी. तोवर माती दमते. मग तो तुकडा पाच-सहा वर्षं सोडून द्यायचा. झुडपं वाढतात, पाला कुजतो, माती पुन्हा अंग धरते. म्हाताऱ्याच्या जमिनीचे असे एकावर एक तीन तुकडे होते. एक कसायचा आणि दोन पडीक ठेवायचे. पडीक म्हणायचं आमच्यासारख्यांनी. वाडीवर म्हणतात, जमीन निजलीय. अशी निजलेली जमीनसुद्धा दाव्यात धरायची, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी वहीत लिहून घेतलं होतं आणि खाली दोनदा रेघ मारली होती.

पुढे यथावकाश त्याचा पट्टा, म्हणजे वनहक्काचा सरकारी कागद, आला. म्हातारा तो दाखवायला स्वतः कर्जतला ऑफिसात आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद आणि टॉवेलात बांधलेले करांदे, माझ्यासाठी. ते रानातले कंद उकरायला केवढी मेहनत लागते ते मला ठाऊक होतं.

"तुज्यामुळं झालं गं बाय," म्हणाला.

मी कागद हातात घेतला, नाव-क्षेत्र वाचून दाखवलं, चौदा गुंठे. तो मान हलवत होता. चौदा म्हणजे नेमकी किती, हे त्याला कळलं का, असं मी विचारलं नाही. माझी छाती तेव्हा फुगली होती. करांदे घरी उकडले आणि सगळ्यांना सांगत मीठ लावून खाल्ले, अमक्या बाबांनी दिले म्हणून.

मग संस्थेचं ते काम संपलं. मला रसायनीला एका ठेकेदाराच्या ऑफिसात नकाशे काढायची नोकरी लागली. वाड्या सुटल्या. दोन-तीन वर्षांनी, आषाढ लागताना, म्हाताऱ्याच्या सुनेचा फोन आला. खालचा तुकडा दमला म्हणून सासरा मधला तुकडा साफ करायला गेला, तर जंगलखात्याच्या गार्डाने अडवलं. नकाशा काढून दाखवला. ही जागा तुमच्या रेघेच्या बाहेर आहे.

"नकाशात नाय म्हणतात," ती म्हणाली. "तुमी काढलेला ना तो?"

गार्ड काही खोटं बोलत नव्हता. त्याच्या हातातला कागद माझाच होता. माझा स्वभाव असा मेला की घाबरले की मी आधी दुसऱ्यावर ओरडते. म्हाताऱ्याला फोन द्यायला लावला आणि त्यालाच झापलं. "बाबा, तेव्हा वरची जमीन दाखवली का नाही? मी काय देवऋषी आहे, न दाखवता कळायला?"

तो म्हणाला, "तू कसतो ती इचारलीस. वरची निजली होती. कसत नव्हतो ती कशी दाखवू, सरकारच्या माणसाला? खोटं झालं असतं गं."

मी सरकारची नव्हते, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. दाव्यात चार झाडं जास्त दाखवणारे, शेजाऱ्याचा बांध आपल्यात ओढणारे मी पाहिले होते. माझ्या एका घाईच्या प्रश्नाला इतकं खरं उत्तर देणारा हा एकटाच निघाला, आणि नुकसान त्याचं झालं. मला स्वतःची लाज वाटली. फोनवर मी माफी मागितली नाही. मागायला हवी होती.

संस्थेतल्या जुन्या लोकांना विचारलं. ते म्हणाले, अपील करता येईल, नवी मोजणी जोडावी लागेल, यंत्र कपाटात पडून आहे, ने हवं तेव्हा. मी म्हाताऱ्याला कळवलं. तो म्हणाला, "लगोलग ये. हद्दी मी दावतो. वरच्या तुकड्याची हद्द कुणाला ठावं नाय, पोरगं कंपनीत, वरचा मी एकलाच कसायचो."

आणि मी काय म्हटलं? "बाबा, आता पावसाळा. झाडी दाट, आभाळ भरलेलं. यंत्राला सॅटेलाइट धड मिळायचे नाहीत. दसऱ्यानंतर येते."

यात खोटं काही नव्हतं. पण उघडिपीचा एक दिवस बघून जाता आलं असतं, चार जागी जास्त थांबावं लागलं असतं, एवढंच. खरी गोष्ट अशी की नवी नोकरी होती, रजा मागायची जिवावर आली होती, आणि त्याच्यासमोर उभं राहायची मला हिंमत होत नव्हती. "बरं," तो म्हणाला, "ये मग."

भाद्रपदात म्हातारा गेला. तीन दिवस ताप आला, एवढंच सून फोनवर म्हणाली. मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले.

दसऱ्यानंतर गेले. वरातीमागून घोडं म्हणतात तसं. या वेळी पिशवीत सेलच्या चार जोड्या होत्या. सून दारातच उभी होती. ती मला एक शब्द लावून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. पाणी दिलं, कोयता घेतला आणि पुढे झाली.

मधल्या तुकड्याची हद्द तिला पाठ होती. लग्नानंतर पहिली तीन वर्षं तिने तिथेच नाचणी लावली होती. हा खडक, हा ओहोळ, हे वाकडं ऐनाचं झाड. कोयत्याने वाट काढत ती न अडखळता चालली आणि मी मागे. सोळा गुंठे भरले. मला जरा धीर आला. मग आम्ही वरच्या तुकड्याकडे चढलो.

कारवी डोक्याच्या वर गेली होती. ओहोळाच्या कडेने ती साठ-सत्तर पावलं गेली आणि थांबली. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. कोयता खाली केला.

"इथवर ठावं हाय," ती म्हणाली. "पुढं म्हाताऱ्यालाच ठावं."

"तुझ्या नवऱ्याला?"

"त्याला नाय. तो तवा कंपनीत. वरचं म्हातारा एकलाच करायचा."

मी यंत्राकडे बघितलं. आभाळ स्वच्छ होतं. सॅटेलाइट भरपूर, फरक तीन मीटर. इतकं चांगलं ते क्वचितच दाखवायचं. आम्ही पृथ्वीच्या पाठीवर नेमक्या कुठे उभ्या आहोत ते त्याला चोख माहीत होतं, आणि ती जमीन कुठून कुठपर्यंत आहे हे सांगायला कुणीच उरलं नव्हतं.

तेव्हा माझ्या मनात आलं ते मी बोलूनही दाखवलं. "त्या वरच्या कातळापर्यंत घेऊन टाकू. अंदाजाने. इथे कोण बघायला येणार आहे?"

तिने कातळाकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली. तिला ती जमीन किती हवी होती ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"कातळाच्या बाजूला माज्या चुलत दिराची हाय," ती म्हणाली. "तिथली हद्दबी म्हाताराच दावायचा. त्याची आत आली तर? त्याची पोरं काय खातील?"

आम्ही खाली उतरलो. वरची अर्धवट रेघ मी यंत्रातून पुसली.

अंगणात बसून मी फॉर्म भरला. आधीचे चौदा, आताचे सोळा. अपिलात काय निकाल लागेल ते मला माहीत नव्हतं, तेही तिला सांगितलं. तिने अंगठा दिला नाही, सही केली, हळूहळू, एकेक अक्षर. मग विचारलं, "वरचा तुकडा गेलाच ना?"

"हो," मी म्हटलं. "माझ्यामुळे गेला."

ती नाही म्हणाली नाही. बोटांवर काहीतरी हिशेब करत बसली. "तीन होते तवा एक कसायचा, दोन निजायचे. सहा वर्षं झोप व्हायची. आता दोनच. तीन वर्षांत उठवायची. तीन वर्षांत काय अंग धरणार माती?" हे ती मला विचारत नव्हती. मग उठून आत गेली आणि ताटलीत नाचणीची भाकरी आणि चटणी घेऊन आली.

"खा," म्हणाली. "लांब जायचंय तुमाला."

नको म्हणायला मला तोंड नव्हतं, म्हणून खाल्ली.