गाठीवरची करंगळी

आमच्या घराण्यात आत्याइतकं विसराळू कुणी नाही, असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. रस्त्यात ओळखीचं माणूस समोर आलं तरी ही आभाळाकडे बघत निघून जायची. आम्ही तिला ‘ढगातली आत्या’ म्हणायचो आणि तीही हसायची.

आत्या पोलीस ठाण्याच्या रेकॉर्ड रूममध्ये कारकून होती. दुधी काचांची ती खोली भर दुपारीही पहाटेसारखी दिसायची. अजाण वयात काही करून बसलेल्या मुलांना कोर्टात उभं न करता तिथले साहेब समुपदेशनाला पाठवत, मोडलेलं त्यांच्याच हातून दुरुस्त करून घेत. ते पार पडलं की फाइल कायमची बंद. पुढे कुणी विचारलं तर ‘नोंद नाही’ एवढंच सांगायचं. फाइल बांधायला आत्या त्या मुलालाच बोलवायची. हे नियमात नव्हतं, तिचं आपलं खूळ. सुतळीवर डाव्या हाताची करंगळी ठेवायला लावायची, गाठ आवळायची आणि म्हणायची, “काढ बोट. बसली गाठ.” त्यानंतर ते मूल तिला कधी भेटलेलंच नसायचं. हे तिनंच मला एकदा सांगितलं, नाव मात्र एकाचंही नाही. तिच्या आभाळाचा अर्थ मला तेव्हा लागला.

मग दादाचं लग्न ठरू लागलं. बाबा कांदे घेतानासुद्धा त्यांचा पूर्वेतिहास विचारणारे. मुलीबद्दल ऑफिसात बघ, म्हणून आत्याच्या मागे लागले. तिनं जागच्या जागी ‘नोंद नाही’ म्हणून टाकलं. बाबांचं समाधान होईना. मुलगी घरी येणार त्या दिवशी त्यांनी आत्यालाही बोलावलं.

मुलगी आली, आत्याला बघून उंबऱ्यातच थबकली. आत्यानं तिला नाव विचारलं, नोकरी विचारली, अगदी नव्यानं. चहा झाला. निघताना आई तिला चादरी देत होती, आत्या गठ्ठा बांधायला बसली. सुतळीची गाठ आवळत आली आणि त्या मुलीनं, कुणी न सांगता, डाव्या हाताची करंगळी पुढे केली. नेमकी गाठीवर.

घर क्षणभर तरंगल्यासारखं झालं. आत्या हळूच म्हणाली, “काढ बोट. बसली गाठ.”

मुलीचे डोळे भरून आले. मला भीती वाटली, आणि ती मुलगी फार आवडलीही.

दादा तिला सोडायला गेला तसे बाबा माझ्याकडे वळले. “आत्या तर ढगात. तू बघत होतीस ना? काही खटकलं का?”

माझ्या एका शब्दावर दादाचं लग्न मोडलं असतं. आत्या खिडकीशी पाठमोरी उभी होती.

“कशाबद्दल?” मी म्हटलं. “माझं लक्षच नव्हतं.”

बाबांनी कपाळाला हात लावला. “घ्या, ही पण ढगात गेली.”

मी खिडकीपाशी गेले. आत्यानं जरा सरकून मला जागा करून दिली.