कोटेशनमधली शेवटची ओळ

“मुलगी इंग्रजी शाळेत शिकलीय म्हणे. तिची फी आता आपल्या बाथरूममधून वसूल होणार,” ज्यांच्या बाथरूमचं काम होतं ते काका स्वयंपाकघरात बायकोला सांगत होते.

आवाज कमी करायची तसदी त्यांनी घेतली नव्हती. धायरीतल्या त्या फ्लॅटच्या हॉलमध्ये मी आणि बाबा बसलो होतो. बाबा फरशीची कामं घेतात. गेल्या वर्षापासून त्यांची कोटेशनं मी बनवते. बाबांनी ऐकलं आणि पंख्याकडे बघत राहिले.

काका माझा कागद घेऊन बाहेर आले.

बाबांची पद्धत साधी. सगळं धरून एकच आकडा सांगायचा. नफा त्यातच मुरलेला, शिवाय गिऱ्हाईक घासाघीस करणार म्हणून थोडा वर चढवलेला. मला ती लबाडी वाटायची. म्हणून मी माल, मजुरी, राडारोडा उचलणं, सगळं वेगळं लिहिलं, आणि शेवटी नफा, पंधरा टक्के. तेही इंग्रजीत. बाबांनी तो कागद न वाचताच देऊन टाकला होता.

“अहो मिस्त्री, खिसेकापूसुद्धा पावती देत नाही. तुम्ही दिलीत, कौतुक आहे!” काकांनी त्या ओळीवर नख टेकवलं. “माल माझ्या पैशाचा, मजुरी माझ्या पैशाची. मग हा नफा कशाबद्दल?”

बाबा माझ्याकडे वळले. “असं कोणी लिहितं का गं?” मग काकांना म्हणाले, “तिला या धंद्यातलं कळत नाही, साहेब. काढून टाकू ते.”

“काढाच. शिकवणी आमच्याकडे नको.”

मला काकांपेक्षा बाबांचा जास्त राग आला. विश्रांतवाडीच्या एका बाथरूमचं पाणी खालच्या घरात उतरलं, तेव्हा त्यांनी पदरच्या खर्चाने सगळी फरशी उखडून पुन्हा बसवली होती. तो खर्च नफ्यातूनच निघाला होता. आता तेच बाबा नफा सोडून द्यायला निघाले होते, आणि वर माझ्या वतीने माफी मागत होते.

काकांनी बाबांपुढे पेन धरलं. बाबांनी ते घेतलंही.

परक्या माणसांसमोर मला बोलता येत नाही. मराठीत तर आधी मनात वाक्य जुळवावं लागतं.

“काका,” मी म्हणाले, “नफा खोडतो आम्ही. पण उद्या खालच्यांच्या छतातून पाणी गळलं, तर आमच्या दारात यायचं नाही.”