आतडे म्हातारे नव्हते, आंबील दाट होती

“काकांचं वय झालं. या वयात आतडं साफ होतच नाही, म्हणून डॉक्टरांना पहिल्यांदा काही दिसलं नाही. म्हाताऱ्या माणसांनी या फंदात पडूच नये.”

माझा पुतण्या ही हकिकत पनवेलपासून पोलादपूरपर्यंत, लग्न असो वा बारावे, सारख्याच उत्साहाने सांगतो. ती ऐकून आमच्या आळीतले दोन वृद्ध तपासणीला जाण्याचे टाळू लागले आहेत. ही हकिकत खोटी आहे. आतडे माझे होते, तेव्हा ती दुरुस्त करण्याचा अधिकारही माझाच आहे.

झाले असे, की मला थकवा येऊ लागला आणि मलात रक्ताचा अंश सापडला. महाडच्या एका खासगी रुग्णालयात पोटविकाराच्या डॉक्टरीणबाई ठरलेल्या वारी पुण्याहून येतात. त्यांनी कोलोनोस्कोपी सांगितली, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून मोठे आतडे आतून पाहणे. त्या स्पष्टच म्हणाल्या, की केवळ वय झाले म्हणून माझ्या वयाच्या माणसाला त्या ही नळी घालत नाहीत. पण रक्त जात असेल तर कारण शोधलेच पाहिजे. आतड्यात कधीकधी लहान गाठी उगवतात. बहुतेक निरुपद्रवी असतात, काहींचा पुढे कर्करोग होतो. वेळीच दिसल्या तर तिथल्या तिथे काढता येतात.

आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ घ्यायचे आणि संध्याकाळी सफाईचे औषध, एवढी सूचना घेऊन आम्ही घरी आलो. आता आमच्याकडे पोटाला विश्रांती द्यायची म्हणजे पेज, नाही तर नाचणीची आंबील. आजाऱ्याला नुसते पाणी देणे हा स्वयंपाकघराचा अपमान समजला जातो. माझी सून वरंधची. तिने ताक घालून आंबील केली आणि म्हणाली, “पातळच हाय बाबा, गाळून घेतलीय.” मी दुपारी प्यालो, संध्याकाळीही प्यालो. गाडी घेऊन आलेला पुतण्याही पेलाभर प्याला आणि वर मीठ-जिऱ्याची तारीफ केली. हा भाग त्याच्या हकिकतीत कधीच येत नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ धुऊन धुऊन पाहिले आणि शेवटी नळी बाहेर काढली. आतड्याच्या भिंतीवर तपकिरी थर बसला होता. “उजव्या बाजूचं मला काही दिसलंच नाही, पुन्हा करावं लागेल,” असे त्यांनी पुतण्याला सांगितले. त्याने घरी येऊन सांगितले, की काही निघाले नाही.

मी सारी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात केली. रानात गवत कमरेइतके वाढले आणि हद्दीचा दगड दिसला नाही, तर ‘दगड नाही’ असे आम्ही कधी म्हटले नाही. गवत कापा, मग पुन्हा येतो, असे सांगून परतत असू. घरात मी हेच सांगितले. पुतण्या म्हणाला, “काका, आता कशाला आतडी धुऊन घेताय? उरलेले दिवस सुखाने खा-प्या.” मी त्याला म्हणालो, की सुखाने खायचे तर रक्त कुठून जाते ते आधी कळू दे. पोलादपूरच्या नाक्यावर चहा पिताना एकाने टोमणा मारला, म्हाताऱ्याला शंभरी गाठायची दिसते. गाठायची आहेच, म्हटले, तुमची काही अडचण?

मग मी डॉक्टरीणबाईंना फोन लावून सरळ विचारले, दोष माझ्या वयाचा आहे काय.

“वय दोन्हीकडून आड येतं आजोबा,” त्या म्हणाल्या. “वय वाढतं तशा या गाठी जास्त सापडतात. आणि आतडं मंदावतं, नीट साफ होत नाही, म्हणून त्या लपतातही. त्यासाठी तुमची सफाई जास्त काटेकोर हवी. तपासणी सोडून देणं हा उपाय नव्हे. आदल्या दिवशी काय घेतलं होतं?”

मी आंबिलीचे नाव घेतले. पलीकडून हसू ऐकू आले.

“ज्यातून पेल्याचा तळ दिसतो, तेवढंच प्यायचं.”

सून शेजारीच उभी होती. म्हणाली, “मी येते तुमच्यासंगं. बाई सांगतील तेवढंच देईन.” पुतण्याच्या गाडीला नेमके त्याच आठवड्यात काम निघाले. आम्ही एसटीने महाडला गेलो आणि मी आदल्या दिवशीच रुग्णालयात भरती झालो, घरच्या चुलीच्या हद्दीबाहेर. शहाळ्याचे पाणी असो वा कोरा चहा, सून प्रत्येक पेला खिडकीसमोर धरून तळ पाही, मगच माझ्या हाती देई. औषध या वेळी दोन भागांत दिले, निम्मे संध्याकाळी, निम्मे पहाटे. चव आठवली तरी तोंड वाकडे होते. पण थेंब ठेवला नाही.

उजव्या बाजूला, आतड्याच्या घडीमागे, चिंचोक्याएवढी गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी ती तिथेच कापून काढली; रक्त तिथूनच जात असावे, असे त्या म्हणाल्या. तपासाअंती कळले, की कर्करोग झालेला नव्हता, पण गाठ त्या वाटेला लागली होती.

पुतण्याला हे सारे ठाऊक आहे. तरी परवा एका साखरपुड्यात त्याने पुन्हा माझे वय काढले. वाद घालण्याची मला हौस आहे, पण इथे तिची गरज नाही. ज्या दिवशी डॉक्टरीणबाईंना सगळे आतडे स्वच्छ दिसले, त्या दिवशी मी पहिल्या तपासणीच्या वेळेपेक्षा दीड महिन्याने अधिक म्हातारा होतो.