जसोंडीतली एक सुई

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती इथे आमच्या घरात माझ्या शेजारी बसून भाजी निवडत असते आणि मी मनाने जसोंडीच्या गोठ्यात उभा असतो — किती वेळा, ते विचारू नका.

मी जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली होतो. गावोगाव जाऊन लस टोचायची, रक्त काढून तपासणीला पाठवायचं. जसोंडीतल्या एका गाईच्या रक्तात विषाणू सापडला. रक्ताच्या कॅन्सरचा. डॉक्टरांनी मला नीट समजावलं होतं. रोगाशी लढणाऱ्या ज्या पांढऱ्या पेशी, त्यांच्यातच तो शिरतो आणि तिथेच मुक्काम करतो. गाय खाते, दूध देते, वर्षानुवर्षं काही दिसत नाही. पण तिच्या रक्ताचा थेंब दुसरीच्या अंगात गेला, की त्या पेशींबरोबर तोही जातो. "तिला सगळ्यात शेवटी टोच," ते म्हणाले, "आणि सुई दर जनावराला बदल."

म्हणजे मला माहीत होतं. नव्हतं असं म्हणायला जागाच नाही.

त्या दिवशी ऊन फार होतं. जनावरं ओळीने बांधलेली, आणि ती गाय नेमकी पुढे. डब्यात सुया भरपूर होत्या. मी तिच्यापासूनच सुरुवात केली, आणि मग — काय सांगू — नुसता कंटाळा केला. त्याच सुईने पुढच्या सगळ्यांना टोचलं. ओळीतली दुसरीच गाय सुमनताईंची चांदी होती.

सुमनताई एकट्या राहायच्या. चांदीला त्यांनी वासरापासून वाढवलेलं. तीन-चार वर्षांनी तिच्या मानेखाली गाठी आल्या, खाणं सुटलं, एक डोळा खोबणीतून बाहेर आला. मी गेलो तेव्हा ताई त्या डोळ्यावरच्या माश्या पदराने हाकलत होत्या.

"भाऊ, खरं सांगा," त्या म्हणाल्या, "मी हिला काही उलटंसुलटं खाऊ घातलं का?"

नाही — एवढाच शब्द पुरला असता. मी काय म्हणालो?

"कडब्याला बुरशी आली असेल, ताई. बघून घालायचा होता."

त्यांनी मान हलवली. आठवड्याभरात चांदी गेली.

विषाणू माझ्याच सुईतून गेला, हे कुणी सिद्ध करू शकणार नाही. चावणाऱ्या माशीनेही नेला असेल. या शंकेच्या आड मी किती वर्षं लपलो. पण ते बुरशीचं वाक्य? ते तर माझंच होतं. समजून-उमजून बोललेलं.

मागच्या महिन्यात जसोंडीला गेलो होतो. ताई थकल्यात. दुसरी गाय त्यांनी घेतलीच नाही. शेजारच्या सुनेला सांगत होत्या, "चारा हुंगून घालत जा, बाई. माझी चांदी माझ्याच हाताने गेली." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, या भाऊंनी तिच्यासाठी फार धावपळ केली. आणि माझ्यापुढे चहा ठेवला.

मी तो प्यालो. कप खाली ठेवला आणि निघून आलो.